कुलूप आणि शेजार

घराबाहेर पडतांना दाराला कुलूप घालावें, किल्ली खिशांत टाकावी, दोन पायऱ्या उतराव्या, आणि पुन्हां मागें वळून कुलपाला एक हिसका देऊन पाहावा, ही संवय शहरांतील बहुतेक गृहस्थांच्या अंगीं मुरलेली असते. कुलूप लागलें आहे हें त्यांस ठाऊक असतें. तरीहि मन निःशंक होत नाहीं. ज्या वस्तूवर घराचें सारें रक्षण सोंपविलें, तिच्यावरच पुरता विश्वास बसूं नये, हा प्रकार मोठा विलक्षण आहे. मग घराचें रक्षण खरोखर करतें कोण? कुलूप, पोलीस, दैव, कीं आणखी कोणी?

या प्रश्नाचें एक निराळेंच उत्तर महाराष्ट्रांतील एका गांवानें पिढ्यान् पिढ्या देऊन ठेविलें आहे. पूर्वीं अहमदनगर आणि आतां अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत, नेवासें तालुक्यांत, सोनईजवळ शनिशिंगणापूर म्हणून गांव आहे. नगराहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर घोडेगांव लागतें, तेथून आंत वळलें कीं हें गांव येतें. या गांवांतील घरांना चौकटी आहेत, उंबरे आहेत, पण दारें नाहींत. दार नाहीं, म्हणून कडी नाहीं. कडी नाहीं, म्हणून कुलूप नाहीं. चौकटीवर पडदा सोडलेला असतो. रात्रीं कुत्रीं अथवा रानांतील जनावरें आंत शिरूं नयेत म्हणून कोणी एखादी फळी टेकवून ठेवतो, एवढेंच. पाहुणा आला तर दार ठोठावण्याची सोय नाहीं. त्यानें अंगणांतूनच हांक मारावयाची. पैसाअडका आणि दागदागिने यांनाहि तेथें कुलुपांत कोंडण्याचा प्रघात नाहीं.

या रीतीचें मूळ गांवकरी एका आख्यायिकेंत सांगतात. फार वर्षांपूर्वीं पानस नाल्याला मोठा पूर आला आणि पुराबरोबर एक काळी शिळा वाहत आली. गुराख्यांनीं तिला काठीनें डिवचतांच तिच्यांतून रक्त वाहूं लागलें. रात्रीं शनिदेवानें स्वप्नांत येऊन दृष्टांत दिला, कीं नात्यानें मामा-भाचे असलेल्यांनीं ही शिळा उचलून गांवांत आणावी. आपल्याला देऊळ नको, छप्पर नको, आकाश हेंच आपलें छत्र. आणि या गांवाचें चोराचिलटांपासून रक्षण आपण करूं. म्हणून आजहि ती शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊनपाऊस सोसत उभी आहे. ज्या गांवच्या देवानें स्वतःसाठीं दार मागितलें नाहीं, त्या गांवच्या माणसांनीं आपल्या घरांना तें कां लावावें, अशी ही भावना आहे. चोरी करणाऱ्यावर शनीची वक्रदृष्टि होते आणि त्याला साडेसाती भोगावी लागते, ही श्रद्धा त्या भावनेच्या पाठीशीं उभी आहे.

शहरांतील सुशिक्षित मनुष्य हें ऐकून दोहोंपैकीं एक गोष्ट करतो. एक तर तो कौतुकानें हात जोडतो, किंवा भोळेपणा म्हणून हंसतो. दोन्ही प्रकारांत तो विचार करावयाचें टाळतो. वास्तविक हें गांव म्हणजे विचार करण्याजोगा एक मोठा प्रयोगच आहे, आणि त्या प्रयोगाचा उत्तरार्ध तर पूर्वार्धाहून अधिक बोधप्रद आहे.

पूर्वीं शिंगणापूर हें चार-दोन शेंकडा उंबऱ्यांचें शेतकरी गांव होतें. विसाव्या शतकाच्या अखेरीस शनिमाहात्म्यावरील चित्रपटांनीं आणि ध्वनिफितींनीं त्याची कीर्ति देशभर नेली. शिर्डीस येणारा यात्रेकरू शिंगणापूरहि करूं लागला. आतां शनिवारीं, विशेषतः शनि-अमावास्येस, तेथें लोकांचा पूर लोटतो. पूर्वीं गांवांत येणारा प्रत्येक मनुष्य कोणाचा तरी सोयरा, कोणाचा तरी गिऱ्हाईक असे. आतां येणाऱ्या हजारोंपैकीं एकाचेंहि नांव गांवाला ठाऊक नसतें. याचा परिणाम हळूहळू दिसूं लागला. २०१० सालीं परगांवाहून आलेल्या एका भाविकानें आपल्या गाडींतून सुमारें पसतीस हजार रुपयांचा ऐवज चोरीस गेल्याची तक्रार केली. जानेवारी २०११ मध्यें युको बँकेनें तेथें शाखा काढली, आणि दाराला कुलूप नसलेली बँक म्हणून तिचा देशभर गाजावाजा झाला. बँकेनें गांवचा मान राखून कांचेचें दार बसविलें. मात्र त्या दारास सहजीं दृष्टीस न पडणारी, दुरून चालविण्याजोगी विद्युच्चुंबकीय कडी होतीच. सप्टेंबर २०१५ मध्यें गांवांत पोलीस ठाणें आलें. कांहीं गांवकऱ्यांनीं तर दारें बसविण्याची परवानगी ग्रामपंचायतीकडे मागितल्याचेंहि वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें.

दारें नसलेल्या या गांवीं एक गोष्ट मात्र दीर्घकाळ बंद होती, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. त्या उघड्या चौथऱ्यावर स्त्रियांना चढण्याची मनाई होती. २०१६ सालीं आंदोलन झालें, मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाचा हक्क स्पष्ट केला, आणि त्या वर्षींच्या गुढीपाडव्यास ती मनाई उठली. लांकडाचें दार नसलें म्हणजे सर्वच दारें उघडीं असतात असें नव्हे. आणि २०२५ सालीं तर असा प्रकार झाला, कीं देवस्थानाच्या नांवानें भ्रमणध्वनीवर बनावट ‘ॲप’ चालवून, घरबसल्या पूजा करून देण्याच्या मिषानें भाविकांचे पैसे लुबाडल्याच्या आरोपांवरून पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण ज्या चोरीला उंबरा ओलांडावा लागत नाहीं, ती दारें नसलेल्या गांवाच्या नांवावरच व्हावी, यांतील विपर्यास लक्षांत राहण्याजोगा आहे.

मग इतकीं वर्षें शिंगणापुराचें रक्षण कोणीं केलें? श्रद्धेनें केलें, हें उत्तर खोटें नाहीं. चोरी केल्यास देव पाहतो, असें ज्याला मनापासून वाटतें, तो चोरी करावयास कचरतो. परंतु श्रद्धेच्या जोडीला आणखी एक पहारेकरी होता, आणि तो म्हणजे ओळख. ज्या गांवांत प्रत्येक जण प्रत्येकास नांवानें हांक मारतो, कोणाच्या घरीं कोणता तांब्या आहे आणि कोणाच्या म्हशीचें शिंग मोडलें आहे हें जेथें सर्वांस ठाऊक असतें, तेथें चोरलेली वस्तु लपवावी कोठें आणि विकावी कोणास? देव पाहतो हें खरें. पण त्याच्या आधीं शेजारची म्हातारी पाहते. शिंगणापुरांत ओळखीचें वर्तुळ अखंड होतें तोंवर पडदा पुरला. तें वर्तुळ यात्रेच्या गर्दीनें फोडलें, तेव्हां कांचेचें दार आलें, अदृश्य कडी आली आणि पोलीस ठाणेंहि आलें. ज्यांच्या मनांत श्रद्धा आहे तेच लोक तेथें गर्दी करतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे कमी काय पडलें तें कळतें. श्रद्धा उणी झाली नव्हती. ओळख उणी झाली होती.

ओळखीवर उभारलेलें हें रक्षण एकट्या शिंगणापुरापुरतें नव्हतें. मराठी मुलखांतील जुन्या गांवगाड्यांत राखणीची पद्धतच तशी होती. गांवाला जागल्या असे. रात्रीं गस्त घालणें, परक्या माणसावर नजर ठेवणें, आणि चोरी झाली तर माग काढणें हीं त्याचीं कामें. पावलांच्या खुणांवरून माग काढीत तो शिवेपर्यंत जाई. माग दुसऱ्या गांवच्या हद्दींत शिरला म्हणजे पुढील जबाबदारी त्या गांवावर येई. पेशवाईनंतर या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टनसाहेबानें आपल्या १८१९ च्या अहवालांत या व्यवस्थेची आवर्जून नोंद केली आहे. या व्यवस्थेचें मर्म असें, कीं चोरी ही ज्याच्या घरीं झाली त्या एकट्याची हानि नसून साऱ्या गांवाची जबाबदारी मानली जाई.

तथापि जुनें तेवढें सोनें म्हणून चालणार नाहीं. ओळखीच्या डोळ्याला एक दुखणें आहे. तो ओळखीच्या माणसास सोडून देतो आणि अनोळखी माणसास आधींच गुन्हेगार ठरवितो. या दुखण्यास इंग्रज सरकारनें कायद्याचें रूप दिलें. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति मुंबई इलाख्यापर्यंत पोंचली. संबंध जमाती जन्मतःच चोर म्हणून नोंदल्या गेल्या. लहान मुलांच्या कपाळींहि तो शिक्का बसला. हा कायदा स्वतंत्र भारतानें १९५२ सालीं रद्द केला. कायदा गेला, तरी संशय गेला नाहीं. आजहि नगर जिल्ह्यांत आणि अन्यत्र कोठें घरफोडी झाली कीं गांवाबाहेरील पालांकडे प्रथम बोट दाखविलें जातें. यास दक्षता म्हणत नाहींत. दक्ष मनुष्य कृति पाहतो. जात पाहणारा डोळा आंधळाच असतो, आणि खरा चोर त्याच्याच पाठीमागून निघून जातो.

आतां गांवाकडून शहराकडे वळूं. पुण्यामुंबईच्या जुन्या वाड्यांना भक्कम दरवाजा असे, त्यांत वांकून जाण्याजोगी दिंडी असे, आणि रात्रीं आंतून आडवा अडसर पडे. पण वाड्याचें खरें रक्षण त्या अडसरानें जितकें होई, त्याहून अधिक चौकांतल्या वर्दळीनें होई. मुंबईच्या चाळींत तर बिऱ्हाडांचीं दारें दिवसभर उघडींच. सामाईक गॅलरींतून कोण आला, कोणाकडे गेला, किती वेळ बसला, याचा हिशेब न मागतां ठेवला जाई. त्या हिशेबाचा जाच होई, यांत संशय नाहीं. चाळींतल्या माणसास एकांत असा मिळतच नसे. म्हणूनच चार पैसे गांठीं पडतांच तो सदनिकेंत राहावयास गेला. तेथें त्याला एकांत मिळाला, बंद दार मिळालें, आणि समोरच्या बंद दारामागें कोण राहतें हें न जाणण्याचें स्वातंत्र्यहि मिळालें. घरफोड्यास नेमकें हेंच हवें असतें. ज्या जिन्यावर कोणी कोणास ओळखत नाहीं, त्या जिन्यावर तो निर्धास्तपणें चढतो. हातांत एखादी पिशवी किंवा पुडकें असलें, कीं पाहणाऱ्यास तो कोणाकडचा तरी माणूस वाटतो, आणि वरच्या मजल्यावर कडी-कोयंडा तुटल्याचा आवाज आला तरी कोणाकडे सुताराचें काम निघालें असेल म्हणून लोक स्वस्थ राहतात.

राहतां राहिलें कुलूप. कुलपाची महती कोणीं नाकारावी? मुंबईंत अर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं लालबाग येथें कुलपांचा कारखाना काढला. शहरांतील वाढत्या घरफोड्यांची बातमी वाचून त्यांना हा उद्योग सुचला, असें सांगतात. त्यांच्या उद्योगानें देशी कुलपास प्रतिष्ठा मिळवून दिली. पण जगांत अभेद्य कुलूप म्हणून कांहीं नाहीं, याचा निकाल त्याच्याहि आधीं लागलेला आहे. लंडनांतील ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप अनेक दशकें मांडून ठेविलेलें होतें. किल्लीवांचून तें उघडील त्यास दोनशें गिनींचें बक्षीस जाहीर केलेलें होतें. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें प्रथम चब्ब कंपनीचें नामांकित कुलूप अर्ध्या तासाच्या आंत उघडून दाखविलें, आणि मग या ब्रामाच्या कुलपावर सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खर्च करून तेंहि उघडलें. इंग्लंडांत मोठी खळबळ उडाली. परंतु या गोष्टीचें तात्पर्य कुलूप निरुपयोगी आहे असें नव्हे. एकावन्न तास निवांत बसावयास मिळाले, म्हणून तें उघडलें, हें तिचें तात्पर्य आहे. कुलूप चोरास थांबवीत नाहीं. तें त्याला वेळ लावतें. आणि त्या वेळांत कोणी तरी पाहणार असेल, तरच त्या वेळाला किंमत आहे. पाहणारा कोणी नसेल, तर चांगल्या कुलपानें चोराचीं केवळ दहा मिनिटें अधिक खर्च होतात.

ही गोष्ट आपल्या जुन्या नाटककारालाहि ठाऊक होती. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ची मराठी रंगभूमीला देवलांच्या नाटकामुळें चांगली ओळख आहे. त्यांतील शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, तो किती सावकाश, किती रसिकपणें! भोंक कमळाच्या आकाराचें पाडावें कीं पूर्णकुंभाच्या, याचा तो विचार करतो. मोजमापाची दोरी विसरला म्हणून गळ्यांतलें जानवेंच मापास घेतो. इतका निवांतपणा त्यास मिळाला, कारण घरांत सारे झोंपलेले आणि बाहेर पाहणारा कोणी नाहीं. शिवाय चारुदत्ताच्या घरांतून जें गेलें, तें त्याचें स्वतःचें नव्हतेंच. ती वसंतसेनेनें विश्वासानें ठेविलेली ठेव होती. घरफोडीचें खरें दुःख या ठिकाणीं आहे. सोनें पुन्हां घडवितां येतें. पण कोणीं विश्वासानें ठेविलेली वस्तु, आईची एखादी पुतळ्यांची माळ, मुलीच्या लग्नासाठीं पैपैनें जमविलेली पुंजी, यांची भरपाई सोनाराकडे होत नाहीं. आणि ज्या घरांत परका हात कपाटांतून फिरून गेला, त्या घरांतील बायकामुलांना पुढें कित्येक महिने रात्रीं पान हाललें तरी दचकून जाग येते.

शेजाराची नजर आणि कुलूप यांची जोड घातली तर काय होतें, याचा एक प्रयोग इंग्लंडांत झालेला आहे. रॉचडेल शहराजवळ कर्कहोल्ट नांवाची कामकरी लोकांची वसाहत होती आणि घरफोड्यांसाठीं ती कुप्रसिद्ध होती. १९८६ च्या सुमारास तेथें अभ्यासकांनीं आणि पोलिसांनीं मिळून बारकाईनें पाहणी केली, तेव्हां असें दिसलें, कीं जें घर एकदां फुटलें तेंच पुन्हां फुटण्याचा संभव फार. चोरास वाट माहीत झालेली असते, आणि गेलेल्या वस्तूंच्या जागीं नव्या आल्या असतील हाहि त्याचा अंदाज असतो. म्हणून फुटलेल्या घराचें दार लगेच भक्कम करण्यांत आलें. घराघरांतील नाणीं टाकून चालणारे गॅस-विजेचे मीटर, ज्यांतील रोकड चोरांस भुलवीत असे, ते काढण्यांत आले. आणि त्या घराभोंवतालच्या पांच-सहा घरांना विनंती करण्यांत आली, कीं तुम्हीं या एका घराकडे लक्ष ठेवावें. साऱ्या गांवाकडे नव्हे, केवळ या एका घराकडे. पहिल्याच वर्षीं तेथील घरफोड्या निम्म्याहून कमी झाल्या. पांच-सहा घरांचें हें वर्तुळ म्हणजे एका परीनें शिंगणापूरच होय; मात्र तें हेतुपुरस्सर घडविलेलें शिंगणापूर होय. अमेरिकेंतील जेन जेकब्स या विदुषीनेंहि १९६१ मध्यें आपल्या ग्रंथांत हेंच प्रतिपादन केलें होतें, कीं शहराचा रस्ता पोलिसांहून अधिक त्यावर टेकलेल्या सामान्य माणसांच्या डोळ्यांनीं सुरक्षित राहतो.

तेव्हां शहरांतील गृहस्थानें करावें काय? प्रथम दाराकडे पाहावें. दार ओढून घेतलें आणि खटका बसला, म्हणजे कुलूप लागलें, अशी पुष्कळांची समजूत असते. पण नुसता खटका पातळ पट्टीनें मागें सरकवितां येतो. किल्ली फिरवून आडणा पुरता आंत गेला पाहिजे. बाहेरून लोंबणारें मोठें कुलूप घर भक्कम असल्याचें सांगत नाहीं, तें घरीं कोणी नसल्याचें सांगतें. म्हणून दाराच्या आंत बसणारें कुलूप अधिक चांगलें. कुलूप महागाचें आणि कोयंडा दोन आंखूड स्क्रूंवर लोंबकळत असलेला, हें दृश्य जागोजागीं दिसतें. घरफोड्या कुलपाला हातहि लावीत नाहीं, कोयंडाच उचकटतो. चौकट, बिजागऱ्या आणि स्वयंपाकघराच्या गॅलरीची खिडकी यांचीहि चौकशी करावी. नव्या घरीं बिऱ्हाड नेतांच जुनें कुलूप बदलावें, कारण त्याच्या किल्ल्या आधीं किती हातांतून गेल्या हें कोणास ठाऊक? किल्ली पायपुसण्याखालीं, तुळशीच्या कुंडींत किंवा मीटरच्या पेटींत ठेवूं नये; या जागा चोरास मालकाहून अगोदर आठवतात.

मौल्यवान दागिने बँकेच्या लॉकरांत ठेवणें हें बरें. पण तेथेंहि डोळे उघडे ठेवावे. १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें बँकेच्या हयगयीनें आग, चोरी वा दरोडा झाला, अथवा नोकरांनीं अफरातफर केली, तर बँकेचें दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरतेंच आहे. आंत किती ऐवज आहे याची बँकेस माहिती नसते. म्हणून दागिन्यांची यादी, त्यांचीं छायाचित्रें आणि सोनाराच्या पावत्या घरीं निराळ्या ठिकाणीं जपून ठेवाव्या. दारावरील कॅमेरा उपयोगी आहे, पण तो झालेली गोष्ट सांगतो; होणारी टाळतोच असें नाहीं.

आतां शेजाराविषयीं. परगांवीं जावयाचें असेल, तर एक किल्ली आणि आपला ठावठिकाणा विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावा. त्यानें दारांतील वर्तमानपत्रें आणि दुधाच्या पिशव्या उचलाव्या, तिन्हीसांजेला दिवा लावावा. दारांत सांठलेलीं चार दिवसांचीं वर्तमानपत्रें चोराला चारशें शब्दांत जें कळणार नाहीं तें एका दृष्टींत कळवितात. प्रवासाचीं छायाचित्रें भ्रमणध्वनीवरून जगजाहीर करावयाचीं असतील तर घरीं परतल्यावर करावीं. जिन्यांत अनोळखी मनुष्य दिसला तर त्याला सौजन्यानें विचारावें, ‘कोण पाहिजे आपल्याला?’ खरा पाहुणा या प्रश्नानें सुखावतो, कारण त्यास वाट सांगितली जाते. घरफोड्या मात्र पुन्हां त्या जिन्यावर चढत नाहीं. आणि हा प्रश्न सर्वांस सारखाच विचारावा. सुटाबुटांतल्यास नमस्कार आणि मळक्या सदऱ्यांतल्यास दटावणी, असा भेद केला, तर चोरांना सुटाबुटाचा खर्च जड वाटणार नाहीं. इमारतीच्या पहारेकऱ्याचेंहि नांव ठाऊक असावें. ज्याला बारा-बारा तास उभें करून अपुरें वेतन देतात आणि ज्याला बसावयास धड खुर्ची नसते, त्याच्याकडून प्राणपणानें राखण होईल अशी अपेक्षा करणें न्यायाचें नाहीं.

येथें नगर जिल्ह्याचेंच आणखी एक उदाहरण उपयोगी पडेल. याच जिल्ह्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्यानें, १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला. एकट्या शेतकऱ्यास जें साधत नव्हतें, तें अनेकांनीं एकत्र येऊन साधलें. शहरांतील बहुतेक इमारतींच्या दारावर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’ अशी पाटी असते. पण तेथील सहकार देखभालखर्चाच्या पावतीपुरता आणि वार्षिक सभेंतील वादविवादापुरताच उरलेला असतो. पाटीवरील तो शब्द खरा करावयाचा असेल, तर एका मजल्यावरील चार बिऱ्हाडांनीं एकमेकांचीं नांवें, दूरध्वनिक्रमांक आणि जाण्यायेण्याच्या वेळा जाणून घ्याव्या. घरांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची दिवसांतून एकदां विचारपूस व्हावी. यास एक पैसाहि पडत नाहीं. थोडा संकोच तेवढा सोडावा लागतो.

इतकें करूनहि घर फुटलेंच, तर गृहस्थानें प्रथम आंत धांवूं नये. चोर अद्याप आंत असण्याचा संभव असतो. कपाटें आवरूं नयेत, कशासहि हात लावूं नये, ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावें, आणि प्रथम खबर नोंदवून तिची प्रत मागून घ्यावी. ती फुकट मिळण्याचा फिर्यादीस हक्क आहे. पैसे भ्रमणध्वनीवरून लुबाडले गेले असतील, तर १९३० हा क्रमांक आहे. तेथें जितकें लवकर कळवावें तितकें बरें. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. भिंत फोडणें, खिडकींतून शिरणें, इतकेंच नव्हे तर गुन्ह्याच्या हेतूनें कुलूप उघडून आंत जाणें हीहि घरफोडीच होय, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं चोरीच्या हेतूनें केलेल्या घरफोडीस चौदा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. रात्रीच्या घरफोडीस कायदा अधिक कठोर आहे, कारण रात्रीं मनुष्य घराच्या विश्वासावर झोंपलेला असतो.

शिंगणापूरकरांप्रमाणें शहरांतील कोणीं आपल्या घराचें दार काढून टाकावें असें कोणी सुचविणार नाहीं. शिंगणापुरासहि आतां तें जड जाऊं लागलें आहे, आणि तेथें उद्यां दारें बसलीं तर त्यांत लाजिरवाणें असें कांहीं नाहीं. पण तेथील पडद्यानें इतकीं वर्षें जें काम केलें, तें कापडानें केलें नव्हतें. पडद्याच्या अलीकडची आणि पलीकडची माणसें एकमेकांस ओळखत होतीं, म्हणून तें झालें. शहरांतील गृहस्थानें कुलूप चांगलें घ्यावें, तें रोज नीट लावावें, आणि लावून झाल्यावर समोरच्या दारावरील पाटी एकदां वाचावी. त्या पाटीवरील माणसाशीं अद्याप बोलणें झालें नसेल, तर घराच्या रक्षणाचें अर्धें काम अजून व्हावयाचें आहे.